काजळीची उजवी बाजू

१

सहादूची एक चप्पल बांधावर पडली होती, दुसरी उसात. मधल्या दहा-बारा फुटांत रक्ताचे थेंब आणि उसाच्या पात्यांत अडकलेला मफलरचा फाटका तुकडा. सहादू मात्र कुठेच नव्हता.

ही मंगळवारची पहाट. बुधवारी अख्ख्या चाफेगावने हायवे अडवला. बुधवारी संध्याकाळी मी एका कागदावर सही केली. आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता गावच्या पारापाशी एक जीप थांबली, तिच्यातून दोन माणसं लांबलचक पिशव्या घेऊन उतरली. पिशव्यांत काय आहे हे शाळेतल्या पोरांनाही कळत होतं.

त्या बंदुका माझ्या सहीवर आल्या होत्या.

मी दीपक गायधनी. वय बावन्न, वागणूक बारा. नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये अठ्ठावीस वर्षं एकच काम करतोय, छापलेल्या कागदावरची चूक शोधायची. तिथे मला दोन गोष्टींमुळे ओळखतात. एक माझी नजर. आणि दुसरी, साहेब खुर्चीत बसले की म्याँव करणारं खेळणं गादीखाली चिकटवणारा तो हाच.

या नजरेबद्दल ऐकूनच नऊ वर्षांपूर्वी वनखात्याच्या एका साहेबांनी मला बिबटे ओळखायच्या कामाला लावलं. फुकट, सुट्टीच्या दिवशी. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची फुलं म्हणजे आपल्या अंगठ्याचा ठसा. एकासारखा दुसरा नाही. आणि त्याची डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी. शेतवाटांवर झाडांना कॅमेरे बांधलेले असतात. समोरून काही ऊबदार हललं की आपोआप फोटो निघतो, अंधार असला तरी. ते फोटो बघून मी सांगतो, ही अमकी, हा तमका. दारणाकाठचे नऊ बिबटे मला दोन्ही बाजूंनी पाठ आहेत.

मंगळवारी पहाटे पाच अठ्ठेचाळीसला सहादूच्या बांधावरच्या कॅमेऱ्यात एक बिबट्या आला. डावी बाजू. मी नऊच्या नऊ डाव्या बाजू लावून बघितल्या, एकही जुळली नाही. मग लिहून दिलं, 'हा प्राणी नवीन, बाहेरून आलेला.' महिन्यापूर्वी नदीपलीकडे एका बाईला बिबट्याने मारलं होतं, तो सापडला नव्हता. वरच्यांनी तो आणि हा एकच धरला. आदेश निघाला, ठार करा.

"काका, पाच वाजता शूटर बसणार," हर्षाली मॅडम म्हणाल्या. या आमच्या रेंजच्या वनअधिकारी, वय तेहतीस. मला काका म्हणतात, मी चालवून घेतो. "तीन बाजूंचा ऊस तोडून झालाय. मधला दीड एकर उरलाय. त्यात काजळी आहे ना?"

"आहे. दोन पिल्लांसकट."

काजळी म्हणजे माझ्या यादीतली चार नंबरची मादी. चार वर्षं बघतोय तिला. कोणाच्या अंगावर कधी गुरगुरली नाही.

"म्हणजे पाच वाजता उसातून जे पहिलं बाहेर येईल..."

मॅडमनी वाक्य सोडून दिलं. मी घड्याळ बघितलं. सहा तास.

२

पारावर खंडेराव आप्पा माईक धरून उभे होते. आप्पांना जिल्हा परिषदेचं तिकीट पाहिजे, त्यामुळे गावात कोणी शिंकलं तरी आप्पांचा फ्लेक्स लागतो. त्यांच्या मागेच एक लटकत होता. 'बिबट्यापासून सावध राहा. एकट्याने शेतात जाऊ नका.' डावीकडे आप्पा हात जोडून, उजवीकडे बिबट्या, आप्पांकडे तोंड करून. आशीर्वाद घ्यायला आल्यासारखा.

"काय गायधनी," आप्पा माईकवरूनच बोलले, "तुमच्या मांजरीनं आमचा माणूस नेला!"

"आप्पा, माणूस अजून मिळाला कुठेय?"

"मिळंल कसा? पोटात हाय तो!"

गर्दी उसळली. मी गुपचूप वनमजूर योगेशला बाजूला घेतलं. गावातलाच पोरगा, तिशीचा. कॅमेऱ्याच्या पेटीची किल्ली एकट्या त्याच्याकडे. म्हणजे संशय घ्यायचा तर पहिला त्याच्यावर.

"कार्ड तूच काढलंस?"

"मीच. मंगळवारी सकाळी. कुलूप जसंच्या तसं होतं, भाऊ."

मी फोटो त्याच्यापुढे धरला. "हा बघ. काय दिसतं?"

"बिबट्या."

"कसा उभा आहे?"

"झ्याक उभा हे. एकदम मधोमध."

तेच मला सकाळपासून टोचत होतं. नऊ वर्षांत खऱ्या बिबट्याने मला कधी पोज दिली नाही. कधी नुसती शेपटी, कधी अर्धा कान, कधी ढुंगण. आणि हा कडेला मोजून जागा सोडल्यासारखा बरोब्बर मधे. शिवाय ते डोळे. अंधारात कॅमेऱ्याचा उजेड पडला की बिबट्याचे डोळे दिव्यासारखे पेटतात. याचे मासळीबाजारातल्या बांगड्यासारखे. काल मी म्हणालो होतो, तोंड तिरकं असेल. काल मी घाईत होतो. बाहेर लोक टायर जाळत होते.

योगेशने इकडेतिकडे बघितलं. "भाऊ, एक सांगू? आप्पाला सांगू नका. मला गावात ऱ्हायचंय."

"बोल."

"लोकं यायच्या आधी मी बांधावर व्हतो. ओली माती, लोण्यासारखी. बिबट्याचा एक ठसा नव्हता. माणसाचे व्हते. एकाच माणसाचे, अनवाणी."

"सहादूचे असतील. चप्पल सुटल्यावर धावला असेल."

"धावला न्हाई. चालत गेला. अन् उसाकडं न्हाई, भाऊ." योगेशने हनुवटीने दाखवलं. "रस्त्याकडं. एसटीच्या थांब्याकडं."

३

सहादूच्या घरात बायका दाटीने बसल्या होत्या. कुसाबाई, सहादूची बायको, खांबाला टेकलेली. रडून झालेलं किंवा रडायचं राहिलेलं, तोंडावरून काही कळेना. मी हात जोडले. थट्टेखोर माणसाचे अशा घरात हाल होतात. हात कुठे ठेवावे तेच कळत नाही.

"वहिनी, मी तो फोटो ओळखणारा."

"तुम्हीच व्हय ते." तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "नवा बिबट्या म्हणाले ते."

"सहादूभाऊंना काही आजार वगैरे?"

"बीपी व्हता. रोज गोळी."

मी कोनाड्याकडे बघितलं. तिथे पाण्याचा तांब्या, चष्म्याचं रिकामं घर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेले गोल शिक्क्यांचे कागद. गोळ्या नव्हत्या.

"हे कागद?"

"लाइटीचे अर्ज." तिने पिशवी ओढून मांडीखाली घेतली. "आमच्याकडं रात्री साडेदहाला लाइट येती, पहाटे साडेसहाला जाती. कांद्याला पाणी काय चांदण्यात द्यायचं? आमचा रंगनाथ तसाच गेला. दोन वर्षं झाली. रात्री मोटर चालू करायला गेला, फुरसं चावलं. चोवीस वर्षांचा व्हता."

बायकांत कोणीतरी हुंदका दिला. तेवढ्यात लांबून मोटर सुरू झाल्याची घरघर आली. कुसाबाईने डोळे मिटले आणि क्षणभर, देवळात घंटा ऐकावी तशी ऐकत राहिली.

"दिवसा लाइट?" मी विचारलं.

"आजपास्नं. कालच्या रास्ता रोकोनं. बिबट्या हाय म्हणल्यावर देत्यात."

"सगळे नातेवाईक आले का?"

"आले. सिन्नरचे आले, पळशाचे आले."

"सहादूभाऊंचं माहेर... म्हणजे सख्खं कोण?"

"एक बहीण हाय. लताबाई. येवल्याला, पैठणीच्या मागावर असत्यात दोघं नवरा-बायको. तिला नाय कळवलं. काळजाची लय कच्ची हाय."

मी मान डोलवून बाहेर आलो. अंगणात वैरणीची गंज होती, वर दुहेरी घडी घातलेला फ्लेक्स, त्यावर चार दगड. आप्पा वैरणीवर आडवे पडून आभाळाला हात जोडत होते. दुसरा दिवस असता तर मी फोटो काढून प्रेसच्या ग्रुपवर टाकला असता.

पण माझ्या डोक्यात एकच. भावाला बिबट्याने नेलं आणि सख्ख्या बहिणीला तिसऱ्या दिवशीही फोन नाही?

४

जीपमध्ये बसून मी छापलेला फोटो पुन्हा काढला. मॅडम शूटरशी फोनवर बोलत होत्या. एक वाजला होता.

आता एक सवय सांगतो. आमच्या प्रेसमध्ये कागद हातात आला की पहिल्यांदा उजेडासमोर धरायचा. पुढची छपाई आणि मागची छपाई एकमेकींवर नीट बसली का ते आरपार बघायचं. हॉटेलचं बिल, लग्नाची पत्रिका, मुलीचं प्रगतिपुस्तक, मी सगळं आधी उजेडासमोर धरतो. बायको साधना म्हणते, माझी कुंडलीसुद्धा तुम्ही आधी उजेडाला लावली होती.

तर हात आपोआप वर गेला. फोटोची पाठ माझ्याकडे, तोंड सूर्याकडे. कागदातून बिबट्या आरपार दिसला, उलटा. तोंड आता उजवीकडे.

आणि मी जीपमध्ये इतक्या जोरात ओरडलो की मॅडमचा फोन पडला.

"काय झालं?"

"ही काजळी आहे!"

"काका, काल तुम्ही म्हणालात..."

"काल मी डाव्याशी डावी लावली. तीच रीत आहे. ही डावी नाहीच, ही उजवी आहे, फिरवलेली. हे बघा, मागच्या मांडीवर तीन तुटकी फुलं, चुलीच्या तीन दगडांसारखी. शेजारी आकड्यासारखा ठिपका. चार वर्षं बघतोय मी हे."

मॅडमनी लॅपटॉपवरचा काजळीचा उजव्या बाजूचा फोटो कागदाशेजारी धरला. एकेक ठिपका बोटाने मोजला. मग म्हणाल्या, "ठिपकेच नाही. पायही तसेच आहेत. शेपटीचा बाकसुद्धा. काका, दोन वेळा निघालेल्या दोन फोटोंत जनावर इतकं सारखं कसं उभं राहील?"

"राहणार नाही. बांधावर बिबट्या नव्हताच. बिबट्याचा फोटो उभा होता. म्हणून डोळे मेलेले, म्हणून ठसे नाहीत."

"पण कॅमेरा ऊब हलल्याशिवाय फोटो काढत नाही."

"फोटोच्या मागे कोणीतरी उकिडवं बसलेलं होतं ना. अनवाणी."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मग हळूच म्हणाल्या, "हे वर सांगितलं तर विचारतील, सहादू कुठे आहे. तो मिळेपर्यंत आदेश मागे घेणार नाहीत. आणि फोटो उलटा करून मोठा छापला कोणी?"

ते मला ठाऊक होतं. सकाळपासून तो आप्पांकडे तोंड करून उभा होता.

५

नाशिकला द्वारकेच्या चौकात अर्धा तास अडकलो. हॉर्न वाजवून मी स्वतःच्याच कानांना त्रास दिला. स्वराजचं फ्लेक्सचं दुकान तिथेच एका बोळात. स्वराज चाफेगावचाच, आप्पांचा पुतण्या, सगळ्या गावाचे वाढदिवस, निवडी आणि भावपूर्ण श्रद्धांजल्या याच्याच मशीनमधून निघतात. आत गेलो तर सहादूचाच फ्लेक्स छापत होता.

"श्रद्धांजली? अरे, माणूस सापडला नाही अजून!"

"काका, आप्पांची ऑर्डर आहे. संध्याकाळी बिबट्या मारला की लगेच लावायचा." तो जरा ओशाळला. "उशीर झाला तर आप्पा ओरडतात."

"सावधानवाल्या फ्लेक्सवरचा बिबट्या कुठून घेतलास?"

"वनखात्याच्या पत्रकातून. तुमचाच फोटो ना तो?"

"मग तो उलटा का केलास?"

स्वराजने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी विचारलं, भाकरी गोल का. "काका, मूळ फोटोत त्याचं तोंड उजवीकडे. आप्पा डावीकडे. म्हणजे बिबट्याने आप्पांकडे पाठ केली ना! आमच्यात चालत नाही ते. फ्लेक्सवर कार्यकर्ता असो, बैल असो, सगळ्यांची तोंडं नेत्याकडे पाहिजेत. मागे एकदा आप्पांच्या साडूची पाठ झाली होती, तर मला रात्रीतून बारा फ्लेक्स परत छापायला लागले."

मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. काजळीला आप्पांचा मान राखायला लावला, म्हणून ती माझ्यासाठी परकी झाली, म्हणून आज तिच्यावर बंदूक होती.

"किती छापले असे?"

"पाच. पार, शाळा, डेअरी, सोसायटी."

"हे चार झाले."

"पाचवा सहादूतात्यांच्या मोटरीच्या खोलीवर. कुसाकाकू स्वतः मागायला आली होती. म्हणाली, चांगला जाड कागद आहे का रे?"

मी मॅडमकडे बघितलं. सकाळी मोटरीच्या खोलीवरून आम्ही दोनदा गेलो होतो. भिंत कोरी होती.

"वारं आलं असेल," मॅडम म्हणाल्या.

"नाही. मला माहितेय तो कुठे आहे. सकाळी त्याच्याशेजारी उभा होतो मी."

घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती.

६

परत पोचलो तेव्हा सव्वाचार झाले होते. शूटर उसाकडे निघून गेले होते.

मी सरळ वैरणीच्या गंजीवर चढलो. दगड बाजूला केले, फ्लेक्सची घडी उलगडली. आप्पा अख्खे होते. 'सावध राहा' अख्खं होतं. उजवीकडे मात्र भलंमोठं भोक. चार पाय, शेपटी, दोन कान. बिबट्याच्या आकाराचं भोक, त्यातून कडबा दिसत होता.

कुसाबाई दारात येऊन उभी राहिली होती.

"वहिनी, कापला तर कापला. उरलेला जाळायचा तरी!"

"वाऱ्यानं आला तो," ती म्हणाली. "पोरांनी कापला आसंल. एवढा चांगला फ्लेक्स, दव पडतं, वैरण भिजती. फेकायचा कसा?"

हे मात्र ती खरं बोलली. आपल्याकडे कोणीच फेकला नसता.

"सहादूभाऊ कुठेयत?"

"तुम्हीच सांगितलं ना, बिबट्यानं नेलं." तिने ओठ मिटले. दगड बोलेल, ही बोलणार नाही.

पाच वाजायला चाळीस मिनिटं. मग मी ते केलं ज्यात मी आयुष्यभर पारंगत आहे. मोबाइल कानाला लावला आणि कोणीच नसलेल्या फोनवर बोलू लागलो.

"हां, बोला. काय? येवल्यात? पैठणीच्या मागाजवळ? बापरे... म्हातारा का? पांढरी टोपी? बीपीच्या गोळ्या खिशात..."

"काय झालं त्यांला?" कुसाबाईने माझ्या हातातून फोन ओढला. "अवं सांगा ना! लताबाईकडंच सुखरूप व्हते सकाळपावतर! काय झालं?"

फोनचा पडदा काळा होता. तिने तो बघितला. मग माझ्याकडे बघितलं. तशी नजर माझ्यावर कोणाचीही पडू नये. म्याँव करणाऱ्या खुर्चीवर लोक हसतात. या थट्टेवर कोणी हसणार नव्हतं, मीही नाही.

"काही झालेलं नाही, वहिनी. माफ करा. पण पाचला काजळी मरेल. तिची दोन पिल्लं आहेत."

ती ओट्यावर बसली. पदराने तोंड पुसलं आणि मांडीखालची ती प्लॅस्टिकची पिशवी माझ्या अंगावर टाकली.

"मी बंदूक मागितली का? बंदूक आप्पानं मागितली. मला लाइट पायजे व्हती. तीन अर्ज केले. वाचा काय लिहिलंय."

मी वाचलं. तिन्ही कागदांवर एकच ओळ होती. 'चाफेगाव हद्दीत बिबट्याच्या वावराचा पुरावा उपलब्ध नाही, सबब दिवसा वीजपुरवठ्याची मागणी मान्य करता येत नाही.'

"पुरावा पायजे म्हणले," कुसाबाई म्हणाली. "मग केला पुरावा. पुठ्ठ्यावर चिकटवला, हे मागं बसले, कोंबडीचं रक्त शिंपडलं, पुठ्ठा मोडून पिशवीत घातला अन् पहिल्या एसटीनं गेले. आठ दिवसांनी येणार व्हते, बहिणीकडं रागावून गेलतो म्हणत. पोरगा गेला. आता म्हातारा पण रातच्याला सापाच्या तोंडात घालू?"

माझ्या हातातले कागद जड झाले. पुरावा उपलब्ध होता. गेली चार वर्षं होता. काजळीचे एकसष्ट फोटो माझ्या लॅपटॉपमध्ये, सगळे चाफेगावच्या हद्दीतले. आधीच्या साहेबांना मीच म्हणालो होतो, गावाला सांगू नका, लोक उसाला काडी लावतील.

उसाकडून जीपचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

७

"फोन लावा," मॅडम म्हणाल्या. "व्हिडिओ. मला माणूस दिसला पाहिजे. त्याशिवाय मी आदेश थांबवू शकत नाही."

लताबाईचा फोन लागेना. एकदा. दोनदा. मी येवल्यातल्या कोणकोणत्या ओळखीच्या माणसाची काय काय थट्टा केली होती ते आठवत होतो, म्हणजे कोण मदत करणार नाही ते कळावं. तिसऱ्यांदा पडद्यावर एक मोर आला. पैठणीच्या पदरावरचा, अर्धा विणलेला. मागे खटक-खटक चालू.

"हॅलो? वहिनी? दिसंना काय."

"माग थांबवा! दादाला द्या!" कुसाबाई ओरडली.

मोर हलला. मग एक नाकपुडी आली. मग हळूहळू अख्खा सहादू, पांढरी टोपी, हातात चहाची बशी.

"आली का गं लाइट दिवसा?" त्याने विचारलं.

मॅडमनी फोन हातात घेतला. "सहादूतात्या, मी वनअधिकारी बोलतेय. आजची तारीख सांगा."

सहादूच्या बशीतला चहा हिंदकळला. त्याने तारीख सांगितली. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. मॅडमनी वर फोन लावला, दोनच वाक्यं बोलल्या, मग कमरेचा वॉकीटॉकी काढला.

"शूटर एक, आदेश स्थगित. गोळी चालवायची नाही. ऐकू येतंय?"

नुसती खरखर.

"शूटर एक!"

खरखर. मग अगदी हळू, कुजबुजत आवाज आला. "मॅडम, बाहेर आलंय. पन्नास फुटांवर. निशाणा धरलाय."

"गोळी नको. परत सांगते, गोळी नको. मागे पिल्लं आहेत का बघा."

उत्तर नाही. कुसाबाईने माझा हात धरला होता, इतका घट्ट की नखं रुतली. पारावरून आप्पांचा माईक ऐकू येत होता, मोटरीची घरघर येत होती, आणि मी फक्त एका आवाजाची वाट बघत होतो जो यायला नको होता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. घड्याळ म्हणतं दीड मिनिट.

"आहेत मॅडम," खरखर म्हणाली. "दोन आहेत. गेली. आत गेली परत."

कुसाबाईने हात सोडला आणि मग ती रडली. तीन दिवसांत पहिल्यांदा.

८

सहादू दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीने उतरला. आप्पा थांब्यावर हार घेऊन हजर. माईकवर म्हणाले, "आमच्या प्रयत्नांना यश आलं!" कोणते प्रयत्न ते कोणी विचारलं नाही. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरची वरची ओळ स्वराजने बदलली आणि तोच अभिनंदनाचा म्हणून लावला. सहादूच्या फोटोभोवती हार तेवढा तसाच राहिला.

मॅडमना मी अंगणातच विचारलं होतं, "लिहिणार?"

"लिहावंच लागेल, काका. सरकारी कॅमेऱ्यापुढे खोटं उभं केलंय. दोन माणसं बंदुका घेऊन बसली होती. समजा मी पाच मिनिटं उशिरा पोचले असते तर?"

"लिहा. पण माझंही लिहा. खोटा पुरावा त्यांनी आणला, खरा मी दाबून ठेवला. आधी कोणी काय केलं ते क्रमाने लिहा."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. मग लिहिलं, सगळं, क्रमाने. सहादू आणि कुसाबाईला लेखी समज मिळाली आणि पोलीस चौकीच्या चार चकरा. मला माझा शेरा मागे घ्यावा लागला. 'ओळखण्यात चूक झाली, नवीन प्राणी नाही,' खाली सही. अठ्ठावीस वर्षांत माझी पकडली गेलेली ही पहिली चूक, आणि तीही मीच पकडली. अहवालाला एकसष्ट फोटो जोडले. दिवसाची लाइट आंदोलनाच्या जोरावर आठ दिवसांसाठी आली होती, ती एकसष्ट फोटोंच्या जोरावर राहिली.

उसाला काडी कोणी लावली नाही. मी चार वर्षं ज्या गावाला घाबरत होतो त्या गावाने पारावर बसून ठरवलं, पिल्लं मोठी होईपर्यंत तो दीड एकर तोडायचा नाही. ऊस आप्पांचा होता. आप्पांना पारावरच कळलं.

गेल्या रविवारी योगेशने कार्ड आणून दिलं. पहिला फोटो सकाळी अकरा वीसचा. लख्ख ऊन, कुसाबाई मोटरीकडे चाललीय, मागे सहादू. सहादूने कॅमेऱ्यासमोर थांबून मुद्दाम दोन हात कानांपाशी नेऊन बिबट्याचे कान केलेत. म्हातारा सुधारणार नाही. मला आवडला.

दुसरा फोटो संध्याकाळी सहा पन्नासचा, त्याच वाटेवरचा. काजळी तिरकी, नाक चौकटीबाहेर, एक पिल्लू तिच्या शेपटीशी झोंबतंय, दुसरं मागे धडपडलंय. एकदम वाईट फोटो. उजवी बाजू, चुलीचे तीन दगड.

तरी मी तो छापला आणि खिडकीच्या उजेडासमोर धरला. काजळीचा एक डोळा आणि पिल्लांचे चार. पाचही पेटलेले होते.